धूमकेतूवरच्या टपालाचा शेवटचा भाग

पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मामा तिला छकूच म्हणत. कचेरीत ती ‘तपासनीस बाई’ होती आणि तिथे तिला छकू म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण रविवारी सकाळी मामांच्या दाराची कडी वाजली, की आतून हाक यायची, “छकू का गं? ये, ये. धूमकेतू कुठवर आला?” आणि बाईंची छकू व्हायची.

त्या रविवारी मात्र ती कडीला हात लावून नुसतीच उभी राहिली. धूमकेतू आता कुठेच येणार नव्हता. आणि त्याला दुसरं तिसरं कुणी नाही, ती स्वतः कारण होती.

तिचं काम काय, ते आधी सांगायला हवं. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे तिच्या कचेरीच्या तळघरात येत. मशीनवाला त्यांची शिवण कापायचा, पानं सुटी करायचा आणि मशीनच्या तोंडी द्यायचा. पलीकडे पडद्यावर त्यांची चित्रं उमटायची. ती चित्रं आणि हातातले कागद ताडून बघायचे, सगळं आलंय म्हणून सही ठोकायची, आणि मग कागद लगद्याच्या गाडीत. एवढी रद्दी ठेवायला जागा कुठाय, असं साहेबांचं म्हणणं. मात्र याच साहेबांना जुन्या विज्ञानकथांचं भारी वेड. रविवारच्या पुरवण्यांत पूर्वी ‘अद्भुत शास्त्रीय कथा’ म्हणून जे छापून यायचं, ते सगळं वेचून संगणकावर त्याचं वेगळं दालन करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मनावर त्यांनी घेतलं आणि अंगावर छकूच्या पडलं, हे ओघानंच आलं.

सुरुवातीला तिला त्या गोष्टींचं हसू यायचं. चंद्रावर वारा सुटायचा. मंगळावरचे कारकून टाय लावून कामाला जायचे. जगातलं सगळं जाणणारं यंत्र गिरणीएवढं असायचं, आणि त्याला काही विचारायचं तर आधी तार करावी लागायची. पण वाचता वाचता तिला त्या लेखकांची माया वाटायला लागली. बिचाऱ्यांनी पुढचं सगळं जग स्वप्नात बघितलं होतं आणि तिथेही रांगा, साहेब आणि रजेचे अर्ज आहेतच, हेही इमानदारीनं लिहून ठेवलं होतं.

अशातच एक दिवस तिला ‘दुर्बीण’ हे नाव दिसलं, आणि तिनं चष्मा काढून पुसला.

‘दुर्बीण’ म्हणजे मामा. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या नळांच्या तक्रारी लिहून घेणारे तिचे मामा तरुणपणी या टोपणनावानं लिहीत, हे तिला मामीकडून उडत उडत कळलं होतं. मग एके दिवशी त्यांनी सगळी कात्रणं जाळली आणि लिहिणं सोडलं. का, ते विचारायचं नाही, असा घरातला दंडक होता. छकूनं तो पाळला होता. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती, वडील त्याच्याही आधी गेलेले. मामा-मामींनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ज्यांचं खाऊन वाढलो त्यांना नको ते प्रश्न विचारायचे नसतात, एवढी अक्कल तिला लहानपणीच आली होती.

तिनं भीत भीत मामांना सांगितलं, की तुमची ‘धूमकेतूवरचं टपाल’ ही गोष्ट सापडली. मामी गेल्यापासून मामा एकटे होते आणि डोळे तर केव्हाच गेले होते.

“सगळी?” त्यांनी विचारलं.

“सगळी. वर्षाचे वर्षाचे गठ्ठे चढवलेत आम्ही. एक पान सुटायचं नाही.” आपल्याच तोंडानं ती हे बोलली होती.

“मग वाचून दाखवशील? एका रविवारी एकच भाग. पुढचं आधी बघायचं नाही हं. तूसुद्धा नाही.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती टॅब्लेट घेऊन येई आणि वाची. गोष्ट अशी होती, की ग्रहाग्रहांमधलं टपाल एका धूमकेतूवरून जातं, आणि त्याच्या पाठीवरचं टपालघर एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण सांभाळतात. पत्रं लावता लावता दोघं भांडतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, एखादं पाकीट उजेडात धरून आत काय असेल याचा अंदाज बांधतात. शेवटून दुसऱ्या भागात धूमकेतू तडकायला लागतो. खाली उतरायला एकच होडी, आणि ती एक माणूस आणि टपाल एवढंच वजन पेलणारी. तिथे भाग संपला होता. खाली छापलं होतं, ‘पुढील रविवारी समाप्त’.

मामांचा नियम छकूनं मोडला तो गोष्टीच्या ओढीनं नव्हे. साहेबांना दालन लवकर उघडायचं होतं, म्हणून शेवटचा भाग दालनात चढवायला तिनं ती पुरवणी पडद्यावर उघडली. पहिलं पान होतं. त्याच्या पुढचं पान चौथं होतं.

तिनं मागे जाऊन बघितलं, पुढे जाऊन बघितलं. आदल्या रविवारची पुरवणी उघडली, पुढच्या रविवारची उघडली. दुसरं-तिसरं पान कुठेच नव्हतं. दोन कागद चिकटून एकदमच आत गेले होते. वरच्याचं वरचं तोंड आणि खालच्याचं खालचं, एवढंच मशीननं बघितलं होतं. मधली दोन पानं एकमेकांच्या कुशीत झाकली गेली होती.

आता असं होऊ नये म्हणून मशीनला एक शिट्टी असते. दोन कागद एकदम गेले, की ती कोकलते आणि मशीन थांबतं. पण जुना कागद म्हणजे कुठे दुमडलेला, कुठे डिंकानं फुगलेला. शिट्टी दर थोड्या वेळानं उगाचच कोकलायची. सकाळी सुरू झाली की संध्याकाळी कानात तीच. एक दिवस छकूचं डोकं असं ठणकलं, की ती मशीनवाल्याला म्हणाली, “अरे, बंद कर तो भोंगा. मी बसलेय ना इथे, बघीन डोळ्यांनी.” त्यानं आनंदानं बंद केली. पहिले दोन-चार दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून बघितलं. मग गठ्ठ्याचं पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं एखादं बघून सही करायला लागली. सगळेच तसं करतात, असं ती मनाला सांगायची. सगळे काय करत होते कोण जाणे. ती करत होती हे खरं.

तो गठ्ठा लगद्याला जाऊन महिने झाले होते. गाडीवाल्याला “नीट ने रे, सांडू नकोस” असं तिनंच सांगितलं होतं.

मग तिनं जिथे जिथे विचारता येईल तिथे विचारलं. ते वर्तमानपत्र बंद पडलं होतं. वाचनालयांनी त्याचे गठ्ठे “तुमच्याकडे संगणकावर आहेतच की” म्हणून केव्हाच मोडीत काढले होते. म्हणजे तिच्या सहीवर भरवसा ठेवून साऱ्यांनी आपापले कागद फेकले होते. मशीनवाला म्हणाला, “जाऊ द्या ना बाई, एका पानानं काय आभाळ कोसळतंय?” तिला त्याचा राग आला नाही. बोल लावायला कुणीतरी हवंच होतं, पण शिट्टी बंद करायला त्यानं सांगितलं नव्हतं.

शेवटी तिनं ठरवलं, हसत हसत सांगून टाकायचं. मामा, तेवढा शेवटचा भाग काही मिळाला नाही बघा, आता तुम्हीच सांगा काय झालं ते. लेखक समोर बसलाय, मग छापलेलं कशाला हवं? बोलायला सोपं होतं. तिनं कडी वाजवली.

“छकू का गं? ये.” एरवीचा पुढचा प्रश्न आला नाही. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत धुतलेला सदरा घालून बसले होते. दाढी केली होती, आंधळ्या हातांनी, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. चहाचे दोन कप आधीच करून झाकून ठेवले होते.

“मामा, अहो, एक गंमत झाली...”

“थांब. आधी मला बोलू दे. नाहीतर माझा धीर सुटेल.”

ती बसली.

“ही गोष्ट मी तुझ्या आईसाठी लिहीत होतो. ती अंथरुणाला खिळलेली. रविवारची वाट बघायची. टपालघरातली ती बहीण म्हणजे तीच. तिलाही माहीत होतं, मलाही, पण आम्ही कधी बोललो नाही. शेवट मी आधीच लिहून दिला होता. बहीण रात्री गुपचूप होडीतून उतरते, भाऊ आणि टपाल सुखरूप खाली जातात. संपादक म्हणाले, वा! लोक धाय मोकलून रडतील. मीही फुशारलो. लोकांना रडवणं म्हणजे फार मोठी कला वाटायची तेव्हा.” मामांनी चहाचा कप चाचपला, उचलला नाही. “शुक्रवारी ती मला म्हणाली, दादा, ती खाली येते ना रे? मी म्हटलं, रविवारी कळेल. असं म्हणालो, छकू. मरणाच्या दारातल्या बहिणीला मी म्हटलं, रविवारी कळेल.”

छकूच्या मांडीवरचा टॅब्लेट आपोआप विझला. तिनं तो पुन्हा लावला नाही.

“रात्रभर डोळा लागला नाही. उठून दुसरा शेवट लिहिला. भाऊ सगळं टपाल बाहेर फेकून देतो. सगळी पत्रं. वजन हलकं होतं आणि दोघं खाली येतात. टपालातल्या माणसानं पत्रं फेकायची म्हणजे केवढं पाप, पण फेकतो. शनिवारी छापखान्यात धावलो. खिळे लावणारा जुळारी म्हणाला, पान लागलंय, बघतो जमलं तर. जमलं तर! रविवारी मी तिच्याकडे पोचेपर्यंत तुझी आई गेली होती. उशाशी पेपर होता, पुरवणी वर. तुझी मामी म्हणाली, पहाटे जागी होऊन वाचत होती. मला ती पुरवणी उघडायची हिंमत झाली नाही. पुढे कधीच झाली नाही. घरातलं होतं नव्हतं ते जाळलं. भित्रा, दुसरं काय.” त्यांनी तिच्या दिशेनं तोंड केलं. “आता माझे किती दिवस राहिलेत? तिनं काय वाचलं ते मला कळू दे. ती तिथेच राहिली असेल, तर तसं वाच. मला दया दाखवू नकोस.”

गंमत झाली, असं ती म्हणणार होती. तिच्या आईनं जाताना शेवटचं जे वाचलं, ते तिनं डोकं दुखतं म्हणून रद्दीच्या गाडीत घातलं होतं. आता खरं बोलायचं तर हीच वेळ होती. पण समोर ती कापलेली हनुवटी होती.

तिनं टॅब्लेट लावला. पडद्यावर चौथं पान होतं, त्यावर साबणाची जाहिरात आणि हवामान. त्याच्याकडे बघत ती वाचायला लागली.

इतके रविवार मामांची वाक्यं वाचून तिच्या तोंडाला त्यांची चाल लागली होती. भाऊ होडीच्या दाराशी उभा राहतो. बहीण म्हणते, अरे, ही लोकांची पत्रं आहेत. भाऊ म्हणतो, लोक पुन्हा लिहितील. आणि एकेक थैली उचलून तो बाहेर लोटतो. पाकिटं धूमकेतूच्या शेपटीत पसरत जातात. होडी हलकी होते. बहीण कुडकुडत असते, म्हणून एक रिकामी थैली घेऊन ती तिच्यात दोन्ही पाय घालून बसते. खाली जमीन दिसायला लागते. “आणि खाली, अंधारात, एका घरी दिवा लागलेला दिसला,” छकूनं वाचलं. “समाप्त.”

मामा रडत होते. आवाज न करता, लहान मुलासारखा खालचा ओठ बाहेर काढून. छकूलाही रडू फुटलं, आणि क्षणभर तिला वाटलं, झालं ते बरंच झालं. हे पाप आपल्या माथी राहू दे, म्हाताऱ्याचं ओझं तर उतरलं.

“ते शेवटचं वाक्य,” मामा म्हणाले, “पुन्हा एकदा वाच.”

तिनं पडद्याकडे बघितलं. साबणाची जाहिरात. “आणि अंधारात, खाली... एका घरात दिवा दिसला.”

मामांचं रडू थांबलं. नळाची तक्रार ऐकून घेताना ते जसे बसत असतील, तसे ते ताठ बसले.

“छापलेलं वाक्य दर वाचनाला बदलत नाही, छकू.”

तिनं टॅब्लेट पालथा ठेवला.

“पान नाहीये ना?”

मग तिनं सगळं सांगितलं. चिकटलेले कागद, सही, गाडी. मामांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. फक्त शेवटी विचारलं, “पण अशा मशीनला काही धोक्याची सूचना नसते?”

“शिट्टी असते. मी बंद करवली होती.”

“का?”

“डोकं दुखायचं.”

“डोकं दुखायचं,” मामा म्हणाले. त्यांनी ते शब्द असे उच्चारले, की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. “मी भित्रा होतो, म्हणून पान उघडलं नाही. पण ते कुठेतरी आहे, एवढा आधार होता मला. जा तू आज.”

ती उठली. दोन्ही कप तसेच झाकलेले होते. दारात जाऊन ती चपला घालू लागली.

“छकू.”

“हं?”

“पाय थैलीत घालून बसली, ते कुठून आणलंस?”

“कुठून म्हणजे... सुचलं.”

“ते मी तुला आत्ता सांगितलं नव्हतं.”

“नाही.”

“शनिवारच्या शेवटात ते होतं. तुझ्या आईचे पाय कायम गारठलेले असायचे, म्हणून मी घातलं होतं. आधीच्या शेवटात नव्हतं.” मामांचा आवाज फार सावकाश येत होता. “तू तिच्याच पांघरुणात झोपायचीस. ती तुला मोठ्यानं वाचून दाखवायची. दुसरं कोण सांगणार तुला? म्हणजे जुळाऱ्याला जमलं होतं. तिनं तेच वाचलं.”

“मामा, खरंच होतं ते?”

“मी लिहिलंय की तू?” मामा म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्यावर लटकं रागावले. “पुढच्या रविवारी ये. दुसरं काहीतरी वाच. कुणा दुसऱ्याचं.”

रस्त्यानं जाताना तिनं आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. पहाटेचं पांघरूण, आईचा आवाज, कागदाची सळसळ. काही आठवेना. आठवले ते फक्त पाय. आपल्या पोटऱ्यांना लागणारे गार पाय. ते तर कुठल्याही रात्रीचे असतील. थैली तिथून आली असेल, की खरंच त्या पानातून? की मामांनी दारातून जाणारी भाची पाहून, म्हणजे ऐकून, तिच्यासाठी तेवढ्यात एक शेवट रचला? रचणं त्यांना अवघड नव्हतं, दुर्बीणच ते. सकाळी तिनं त्यांच्यासाठी जे केलं, तेच त्यांनी तिच्यासाठी केलं असेल, तर ते पकडायला तिच्याकडे दुसऱ्यांदा वाचायला सांगण्यासारखं वाक्यही नव्हतं. मामा खरं बोलले की नाही हे सांगणारं जगात एकच पान होतं, आणि ते तिनं नीट ने रे, सांडू नकोस म्हणून पाठवून दिलं होतं.

सोमवारी तिनं सगळं सांगितल्यावर साहेब म्हणाले, “एवढं काय मनाला लावून घेता? तुमच्या मामांकडून शेवट सांगून घ्या, टाकून देऊ टाइप करून. कुणाला कळतंय!”

“कळणार नाही, म्हणूनच नको,” ती म्हणाली. साहेबांनी खांदे उडवले.

शेवटच्या भागाच्या जागी तिनं स्वतः लिहिलं: ‘हे पान मिळत नाही. तपासणी नीट न केल्यामुळे मूळ कागदासह नष्ट झाले.’ खाली आपलं पद लिहिलं. मग ती तळघरात गेली.

“शिट्टी चालू कर,” ती मशीनवाल्याला म्हणाली.

“अहो बाई, कानठळ्या बसतील. तुम्हीच तर...”

“मीच. कर चालू.”

अर्धा तासही झाला नसेल, तोच ती कोकलली. छकूनं पुढे होऊन कागद बाहेर काढले, नखानं कोपरा उचलला आणि श्वास रोखून दोन पानं एकमेकांपासून सोडवली. आत काहीच नव्हतं. भाड्यानं देण्याच्या खोल्या, हरवलेली छत्री, लग्नाच्या जाहिराती. तिनं उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत ते वाचून काढलं आणि दोन्ही पानं वेगवेगळी मशीनवाल्याच्या हातात दिली.

थोड्या वेळानं शिट्टी पुन्हा वाजली.

“डोकं उठणार बाई आज,” मशीनवाला कानांवर हात ठेवून म्हणाला.

“उठू दे,” ती म्हणाली, आणि कागद सोडवायला वाकली.